वाचक विचारतात: शीव ओलांडली की औषध थांबतं का?

यावेळी पत्रांचा गठ्ठा सोडला तर निम्म्याहून जास्त पत्रं जत, कवठेमहांकाळ आणि मिरज पूर्व भागातली निघाली, म्हणजे जिथं घर महाराष्ट्रात, सोयरे कर्नाटकात आणि बाजार जिकडं भाव मिळेल तिकडं असा सगळा कारभार आहे. प्रश्न वेगवेगळे पण सूर एकच, की "आम्ही तिकडचे, इकडं आम्हाला कोण विचारणार". म्हणून ह्यावेळी अख्खं सदर सीमाभागालाच दिलंय. गुडघेदुखी, केस गळणं, ॲसिडिटी वगैरे पुढच्या अंकात घेऊ, रागावू नका.

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. माझ्या मेव्हण्याला टीबी निघालाय. तो विजापूर जिल्ह्यातला, तिकडच्या सरकारी दवाखान्यात गोळ्या सुरू होऊन दीड महिना झाला. पण उचल घेतली होती म्हणून टोळीबरोबर वाळवा तालुक्यात ऊसतोडीला यावंच लागलं. गोळ्या संपत आल्यात. मुकादम म्हणतोय आधार कर्नाटकचं आहे, इथं हाकलून लावतील. आणि आता त्याला खोकला बी नाही ताप बी नाही, तर गोळ्या बंद केल्या तर चालतंय का?
(उमदी परिसर, ता. जत)

उत्तर: दादा, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण बाकी सगळं त्याच्यावर आहे. नाही चालत. अजिबात नाही. टीबीचा साधा कोर्स सहा महिन्यांचा असतो, पहिले दोन महिने चार औषधं एकत्र आणि पुढचे चार महिने तीन औषधं, आणि खोकला ताप जातो तो पहिल्या काही आठवड्यांतच कारण भराभर वाढणारे जंतू आधी मरतात, पण सुस्त पडून राहिलेले जंतू मागं उरतात आणि त्यांच्यासाठीच पुढचे महिने असतात. दीड महिन्यावर सोडलं तर तेच उरलेले परत डोकं वर काढतात आणि तेव्हा ह्याच गोळ्यांना दाद देतील याची खात्री नाही. मग औषध बदलतं, त्रास वाढतो, आणि तो प्रकार घरच्यांना लागला तर त्यांना पहिल्या दिवसापासूनच औषधाला न जुमानणारा टीबी होतो.

आता आधारचं. मुकादमाला म्हणावं तू उसाचं बघ. टीबीचा कार्यक्रम अख्ख्या देशाचा एकच आहे, औषधं केंद्राच्याच योजनेतनं येतात, आणि मेव्हण्याची नोंद झाली त्या दिवशीच त्याला एक निक्षय नंबर मिळालाय. तो नंबर विजापुरात टाकला काय आणि इस्लामपुरात टाकला काय, तीच नोंद उघडते, कधी सुरू झालं, कुठल्या गोळ्या, थुंकीचा रिपोर्ट काय, सगळं. इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं, म्हणायचं "नाव ट्रान्सफर करून घ्या", आणि तालुक्याला टीबीचं काम बघणारा एक सुपरवायझर असतो, एसटीएस म्हणतात त्याला, त्याची गाठ घालून द्या म्हणायचं. काउंटरवरचा माणूस उद्या या परवा या करत असेल तर एसटीएसचा नंबर मागून घ्या, काम तिथं होतं. निक्षयची हेल्पलाईन पण आहे, १८०० ११ ६६६६, पैसे लागत नाहीत.

जाताना उपचाराचं कार्ड, निक्षय नंबरचा फोटो आणि उरलेली गोळ्यांची पाकिटं न्या. पाकिटं का तर डोस वजनावर ठरतो आणि पाकीट बघितलं की कर्मचाऱ्याला लगेच कळतं त्याला किती गोळ्या चालू आहेत. शेवटची गोळी संपायची वाट बघत बसू नका, आठवडाभराच्या उरल्यात तेव्हाच जा. दोन महिने पूर्ण झाले की थुंकी परत तपासायची असते, ती इथंच करून घ्या. पोषण आहाराचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये झालेत (आधी ५०० होते) ते थेट खात्यात येतात, खातं कर्नाटकातल्या बँकेचं असलं तरी फरक पडत नाही, फक्त खात्याची नोंद झालीय का ते विचारा, बऱ्याच जणांचं तिथंच अडकलेलं असतं.

आणि कोपीतल्या, म्हणजे टोळीच्या झोपडीतल्या, बाकीच्यांचं काय? हे कुणी विचारत नाही. एका कोपीत नवरा, बायको, दोन पोरं, कधी म्हातारी, आणि थंडीमुळं चारी बाजूनं ताडपत्री ओढून घेतलेली, वारं जायला जागाच नाही. त्याच्याबरोबर राहणाऱ्या सगळ्यांची तपासणी करून घ्या, ज्यांना टीबी नाही असं नक्की झालं त्यांना तो होऊ नये म्हणून वेगळं प्रतिबंधक औषध मिळतं, पाच वर्षांखालचं पोर असेल तर ह्यात एक दिवस घालवू नका. टोळीत आणखी कुणाला दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर त्याचीही थुंकी द्या. मेव्हण्याला सांगा की लघवी लालसर होते ती एका गोळीमुळं होते, रक्त नाही ते, घाबरून गोळ्या सोडणारे ह्याच कारणानं सोडतात. आणि ह्या सहा महिन्यांत दारू बंद, कारण गोळ्यांचा आणि दारूचा दोन्हीचा भार लिव्हरवरच.

पहाटे चारला फडात उतरणाऱ्या माणसाला मी विश्रांती घ्या म्हणून सल्ला दिला तर तुम्ही हसाल. तरी मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॉली भरायचं काम निदान महिनाभर दुसऱ्याला द्यायला सांगा.

प्रश्न: सून बाळंतपणाला माहेरी अथणी तालुक्यात गेली होती. बाळाच्या सुरुवातीच्या लशी तिथंच झाल्या. आता बाळ साडेआठ महिन्यांचं, सून परत आलीय, मधल्या एक का दोन लशी चुकल्यात. कार्ड कन्नडमध्ये आहे. आशाताई म्हणतात मला हे वाचता येत नाही, शेजारीण म्हणते सगळं पहिल्यापासून परत करावं लागेल. खरंय का?
(बेडग, ता. मिरज)

उत्तर: नाही ताई, पहिल्यापासून काहीही करायचं नसतं. घेतलेली लस वाया जात नाही, मधे कितीही दिवस गेले तरी जिथं थांबलं तिथनं पुढं चालू. पेंटा (पाच रोगांवरची एकच लस) सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना असते, समजा दोन झाल्यात आणि तिसरी राहिलीय तर ती आत्ता द्यायची, दोन राहिल्या असतील तर मधे चार आठवड्यांचं अंतर ठेवून द्यायच्या, आणि नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेला. एका दिवशी दोन तीन सुया टोचल्या तरी बाळाला काही होत नाही, दोन्ही मांड्या आणि दंड वेगवेगळे वापरतात. आजीला बघवत नाही ही गोष्ट वेगळी.

कार्डाचं म्हणाल तर भाषा कन्नड असली तरी वेळापत्रक राष्ट्रीय आहे, वरनं खाली तोच क्रम, जन्माच्या वेळच्या लशी, मग सहा आठवडे, दहा, चौदा, नऊ महिने, आणि तारखा आकड्यांतच असतात. नर्सबाईंनी आपलं मराठी कार्ड शेजारी ठेवलं की पाच मिनिटांत जुळतं. फरक पडला तर एखाद्या ओळीचा, कारण जपानी मेंदूज्वराची लस काही जिल्ह्यांत देतात काहींत नाही. बीसीजी झालीय का अशी शंका असेल तर डाव्या दंडावरचा बारका व्रण बघा. आणि मिरज पूर्व भागात कन्नड वाचणारं माणूस सापडत नाही असं मला कुणी सांगू नये, तुमच्या गल्लीतच दोन निघतील.

कार्ड हरवलं तर? आता नोंद यू-विनवर, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, फोन नंबरवर असते. पण इथं एक गंमत होते, बाळंतपणाच्या वेळी नंबर दिलेला असतो बाळाच्या आजोबांचा, म्हणजे सुनेच्या वडिलांचा, आणि ओटीपी जातो अथणीला. तेव्हा दवाखान्यात जाताना व्याह्यांना फोन जवळ ठेवायला सांगा.

मला ह्या सगळ्यात जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. माहेरची आशा म्हणते पोरगी सासरी गेली, सासरची आशा म्हणते सून माहेरीच आहे, आणि बाळ दोन्ही याद्यांत नसतं. लस संपली म्हणून राहिलेली बाळं मी फार कमी बघितलीत, यादीतनं सुटलेली भरपूर. २०२२ ला मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवराची साथ आली तेव्हा सुद्धा फटका बसला तो लस राहिलेल्याच पोरांना. म्हणून घरी आल्या आल्या आशाताईंना सांगून बाळाचं नाव ड्यू लिस्टमध्ये (लस द्यायच्या बाळांच्या यादीत) घालून घ्या, आणि परत दोन महिन्यांनी जत्रेला म्हणून माहेरी जाणार असेल तर तेही सांगा. जिथं रात्री झोपता तिथला दवाखाना तुमचा, एवढं साधं गणित आहे.

प्रश्न: आमच्याकडं पाणी आठवड्यातनं एकदा टँकरनं येतंय. बॅरल भरून ठेवल्याशिवाय भागत नाही. ग्रामपंचायत म्हणते आठवड्याला कोरडा दिवस पाळा, डेंगूची साथ आहे. कोरडा पाळायचा तर प्यायचं काय? धूरफवारणी का करत नाहीत? आणि आम्ही इकडं कितीही केलं तरी पलीकडं कर्नाटकात कुणी काय करत नाही, डास तिकडनंच येतात.
(संखजवळचं गाव, ता. जत)

उत्तर: राग बरोबर आहे तुमचा. कोरडा दिवस ही कल्पना ज्यांच्या नळाला रोज पाणी येतं त्यांच्यासाठी काढलेली आहे, तुम्हाला तीच जशीच्या तशी सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. पण त्यामागचं कारण समजून घेतलं तर तुमच्या पद्धतीनं तेच काम करता येतं.

डेंगूचा डास, एडिस, स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, गटारीत नाही. अंड्यापासून डास उडायला साधारण आठ दहा दिवस लागतात. म्हणजे तुमचा टँकर आठवड्याला येत असेल तर वेळ तुमच्याच बाजूनं आहे, फक्त होतं काय की बॅरल निम्मं रिकामं झालं की त्यावरच नवीन पाणी ओततात, तळ कधी दिसतच नाही, वर्षानुवर्षं. टँकर यायच्या आदल्या दिवशी घरातलं एक बॅरल पूर्ण संपवायचं (उरलेलं पाणी दुसऱ्यात गाळून घ्या, सांडू नका), आणि आतली बाजू नारळाच्या काथ्यानं नाहीतर ब्रशनं खसाखसा घासायची. नुसतं विसळून उपयोग नाही कारण अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटलेली असतात, मोहरीपेक्षा बारीक काळे ठिपके, आणि ती सुकली तरी कित्येक महिने जिवंत राहतात, पाणी चढलं की फुटतात. पुढच्या टँकरला दुसरं बॅरल. असं फिरवत राहायचं. आणि तोंडाला जुनं लुगडं दुहेरी करून दोरीनं आवळून बांधा, पत्र्याचं झाकण ठेवून काही होत नाही, कडेनं फट राहते. जनावरांच्या हौदात गप्पी मासे सोडा, ते आरोग्य केंद्रात मागितले की मिळतात. वापरायच्या पाण्यात आरोग्य सेवक अळ्या मारायचं अबेटचं औषध टाकून जातो त्याला अडवू नका, पुष्कळ घरात बायाबापडे म्हणतात आमच्या पाण्यात काय टाकू नको, आणि मग साथ आली की त्यालाच शिव्या.

धूर मारला की बरं वाटतं, फोटो पण चांगला येतो पुढाऱ्यांचा. पण त्यानं त्या वेळी उडणारे डास मरतात, बॅरलमधल्या अळ्या तशाच, चार दिवसांनी नवी पलटण तयार. साथ पेटलेली असताना रुग्णाच्या घराच्या आसपास धुराला अर्थ आहे, दर महिन्याला गावभर मारण्यात नाही.

आणि "तिकडनं येतात" ह्याचं काय करायचं. हा डास फार लांब उडत नाही, आपल्या घराच्या आसपास शंभर दोनशे मीटर, फार तर चारशे. म्हणजे वस्ती शिवेला अगदी खेटून असेल तरच पलीकडचा डास. बाकी सगळे आपलेच. सीमा ओलांडतो तो आजारी माणूस, पुण्याला कामाला असलेलं पोरगं ताप घेऊन यात्रेला येतं आणि आपल्या बॅरलमधले डास त्याला चावून चावून गावभर वाटतात. दिवसा चावतो हा, तेव्हा तापाच्या माणसाला दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा.

ताप आला तर डेंगूची रक्ततपासणी करा, पहिल्या पाच दिवसांत एनएस-१, नंतर आयजीएम. पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी, ब्रुफेन किंवा ॲस्पिरिनसारखी गोळी मेडिकलवाल्यानं दिली तरी घेऊ नका, रक्तस्राव वाढतो. ताप उतरला म्हणजे सुटलो असं नाही, उलट उतरताना पोटात जोरात दुखायला लागलं, सारख्या उलट्या, हिरड्यांतनं रक्त, पेशंट सुस्त पडला, तर सांगली मिरज गाठा, पपईच्या पानांचा रस काढत बसू नका.

राहता राहिलं पाणी. जतच्या गावांचा पाण्याचा विषय २०२२ ला दोन्ही राज्यांत किती पेटला होता ते तुम्हाला मी सांगायला नको. माझं स्पष्ट मत आहे की तुमच्या भागात रोज नळाला पाणी देणं हाच डेंगूचा कार्यक्रम, बाकीचं सगळं तोवरचं ठिगळ. ठिगळ पण लावलंच पाहिजे, एवढंच.

प्रश्न: लम्पीनंतर कर्नाटकातनं आलेली जनावरं बाजारात घेताना भीती वाटते. तो रोग माणसाला होतो का, दूध चालतंय का?
(कवठेमहांकाळ)

उत्तर: माणसाला होत नाही. दूध उकळून प्यायचं, ते एरवीही तसंच प्यायचं असतं. चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड ह्यांच्यामार्फत जनावरातनं जनावरात जातो, २०२२ ला बाजार बंद केले होते ते त्यासाठी. नवं जनावर आणलं की तीन चार आठवडे दावणीपासून लांब बांधा आणि लसीचा दाखला विचारून घ्या. बाकी पशुवैद्यकाला विचारा, मी माणसांचा.

प्रश्न: मी ग्रामपंचायत सदस्य आहे. आमच्या भागात कार्तिकात गुड्डापूरला दानम्मादेवीची यात्रा, कर्नाटकातनं हजारो लोक चालत येतात, वाटेत आमच्या गावात मुक्काम करतात, पाणी आम्ही देतो. दरवर्षी यात्रेनंतर गावात हगवण लागते. आम्ही टीसीएल (ब्लिचिंग पावडर) टाकतो तरीही. लोक म्हणतात तिकडचे लोक रोग घेऊन येतात.
(ता. जत)

उत्तर: साहेब, चालून चालून पाय सुजलेला माणूस तुमच्या गावात पाणी प्यायला थांबतो, तो रोग कशाला आणेल, आणला तरी तो पसरतो तुमच्या टाकीतनं. टीसीएल "टाकतो" म्हणजे नेमकं काय करता ते लिहिलं असतंत तर बरं झालं असतं. सहसा होतं असं की शिपाई पोतं उघडतो, दोन ओंजळी पांढरी पावडर वरनं टाकीत फेकतो आणि खाली उतरतो. ती पावडर तळाला जाऊन बसते, पाण्याला वास येतो, शुद्ध काही होत नाही.

बरोबर पद्धत सांगतो. साधारण १००० लिटरला ५ ग्रॅम धरतात. प्लॅस्टिकच्या बादलीत (पत्र्याच्या नाही) पावडर घेऊन थोड्या पाण्यात आधी लगदा करायचा, गुठळ्या मोडायच्या, मग बादली भरायची, ढवळायचं आणि दहा पंधरा मिनिटं शांत ठेवायचं. चुना खाली बसतो. वरची निवळ तेवढी टाकीत ओतायची, चुना बाहेर फेकायचा. त्यानंतर किमान अर्धा तास पाणी सोडायचं नाही, क्लोरीनला काम करायला वेळ लागतो. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी, कारण गढुळात क्लोरीन खर्ची पडून जातो. आणि मग ओटी टेस्ट, टाकीजवळ नाही, गावातल्या शेवटच्या नळावर, जिथं यात्रेकरू उतरतात तिथल्या नळावर. बारक्या काचेच्या नळीत पाणी घ्या, ओटीचे थेंब टाका, पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे, पाणी काचेसारखं पांढरंच राहिलं तर तुमचं टीसीएल वाटेतच संपलंय, बहुतेक पाइपला गळती आहे आणि गळतीतनं घाण आत येतीय.

दुसरी शंका पोत्याची. टीसीएलचं पोतं उघडं ठेवलं, उन्हात ठेवलं की क्लोरीन उडून जातो आणि उरतो चुना. २० टक्क्यांच्या खाली क्लोरीन असलेली पावडर कामाची नाही, आरोग्य केंद्रामार्फत नमुना तपासून मिळतो, यात्रेच्या महिनाभर आधी पाठवा. तुमच्या ग्रामपंचायतीला आरोग्य खात्याचं कुठलं कार्ड आहे ते पण बघा, लाल, पिवळं की हिरवं. पिवळं किंवा लाल असेल तर कशामुळं ते लेखी मागा, त्यातच तुमच्या हगवणीचं उत्तर असेल.

मुक्कामाच्या जागी फिरती शौचालयं विहिरीपासून लांब, ओआरएसची पाकिटं मंडपात, आणि सूचना कन्नडमध्येही लिहा हो. मराठीत मोठ्ठा फलक लावायचा आणि मग तिकडच्या लोकांना शिस्त नाही म्हणायचं, हे काय बरोबर नाही. माघात आपली माणसं गाड्या जुंपून चिंचलीच्या मायाक्काला जातात तेव्हा तिकडचे लोक आपल्याबद्दल हेच बोलत असणार.

प्रश्न: नाव छापू नका. मला एचआयव्ही आहे, सात वर्षं झाली, औषध मिरजेतनं घेतो. मी कागवाड भागातला. घरच्या कामासाठी आता बेळगावला राहायला जाणार आहे. औषध तिकडं मिळेल का? परत सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल का? ओळखीचं कुणी भेटलं तर?
(नाव, गाव राखून ठेवले आहे)

उत्तर: मिळेल, मोफत मिळेल, आणि पहिल्यापासून काही सांगावं लागणार नाही. एआरटी केंद्रातनं, म्हणजे एचआयव्हीची औषधं देतात तिथनं, ट्रान्सफर होते, मिरजेच्या समुपदेशकाला दोन आठवडे आधी सांगा, ते तुमची नोंद पुढच्या केंद्रावर पाठवतात आणि मधल्या काळासाठी गोळ्या जास्तीच्या देतात. शेवटचा व्हायरल लोड कधी झाला ते वहीवर लिहून घ्या. व्हायरस सापडत नाही इतका खाली आला असेल तर लैंगिक संबंधातनं तुमच्यापासून दुसऱ्याला जात नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर आज वाचा.

उलटही करता येतं. बरेच जण मुद्दामच आपल्या गावापासून लांबचं केंद्र निवडतात, कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून, आणि त्यात काही चूक नाही. कुठल्याही केंद्रावर तुम्हाला "तुमच्या जिल्ह्यात जा" म्हणून औषधाविना परत पाठवायला नको, तसं झालं तर १०९७ ह्या एचआयव्हीच्या हेल्पलाईनला फोन लावा. तुमच्या परवानगीशिवाय ही माहिती कुणाला सांगायला २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं मनाई आहे, नोकरीवरनं काढता येत नाही, दवाखान्यात उपचार नाकारता येत नाहीत.

सांगलीबद्दल एक सांगतो. ह्या जिल्ह्यात आजाराचा जोर होता तेव्हा, १९९२ पासून, मीना शेषू यांच्या संग्राम संस्थेनं देहविक्री करणाऱ्या बायकांनाच बरोबर घेऊन काम उभं केलं, निरोधचं वाटप, दवाखान्यापर्यंत सोबत, सगळं त्याच बायका करायच्या. सीमेच्या दोन्ही बाजूंना त्यांची ये-जा होती म्हणून निरोप पण दोन्हीकडं पोचला. सरकारी यंत्रणेला जे जमत नव्हतं ते बदनाम गल्लीतल्या बायकांनी करून दाखवलं, हे आपल्याकडं मोकळेपणानं कुणी बोलत नाही.

प्रश्न: माझा मुलगा दोडामार्गकडं काजूच्या बागेत कामाला जातोय. तिथं माकडताप असतो म्हणतात. आमच्या पाटणकडं पण माकडं ढीगभर, आमच्याकडं पण येईल का?
(पाटण, जि. सातारा)

उत्तर: माकडांना बघून घाबरू नका, हा ताप माकड चावून होत नाही. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाचं जंगल आहे, तिथं १९५७ ला हा विषाणू पहिल्यांदा सापडला म्हणून क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. गोचिडीतनं पसरतो, माकडं बिचारी स्वतःच त्यानं मरतात. घाटाघाटानं सरकत २०१६ ला सिंधुदुर्गात मोठा प्रादुर्भाव झाला. डिसेंबर ते मे जोर. मुलाला सांगा काजू गोळा करताना अंगभर कपडे, पँट मोज्यात खोचलेली, पाल्यावर बसायचं नाही, संध्याकाळी अंघोळीच्या आधी काखा, जांघा, कानामागं गोचीड बघायची, ती तिळाएवढी असते, दिसत नाही पटकन. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वनखात्याला कळवायचं. माणसातनं माणसाला होत नाही, त्यामुळं तो घरी आला तर वेगळा बसवू नका. पण जोराचा ताप घेऊन पाटणला आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांगायचं की मी दोडामार्गच्या बागेतनं आलोय. ते सांगितलं नाही तर पाटणचा डॉक्टर टायफॉइड शोधत बसेल, त्याच्या डोक्यात हे येणारच नाही.

प्रश्न: कोरोनात म्हैसाळ-कागवाड रस्त्यावर नाका होता, ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर नसेल तर कर्नाटकात सोडत नव्हते. अशानं खरंच रोग अडतो का? आमचे आजोबा सांगायचे प्लेगात पण असंच व्हायचं.
(निवृत्त शिक्षक, मिरज)

उत्तर: सर, अगदी सुरुवातीला, रोग अजून आलाच नाही तेव्हा नाक्याचा थोडा उपयोग होतो, कोण कुठनं आलं ते लिहून ठेवता येतं. मार्च २०२० ला इस्लामपुरात परदेशातनं आलेल्या कुटुंबात रुग्ण सापडले तेव्हा संपर्कातली माणसं भराभर शोधून वेगळी ठेवली म्हणून ती साखळी आटोक्यात आली, ते काम नाक्याचं नव्हतं, घरोघर फिरणाऱ्यांचं होतं. २०२१ ला रोग दोन्ही बाजूंना मुरलेला असताना ७२ तासांचा कागद बघणं म्हणजे परवाचं पंचांग बघून आजचा पाऊस ठरवणं. आणि ज्याचं रान पलीकडं आणि घर अलीकडं, त्यानं दर तीन दिवसांनी नाकात काडी घालून घ्यायची का? लोक बांधावरनं जायचे, मला माहिती आहे, तुम्हाला पण माहिती आहे.

प्लेग १८९६ ला मुंबईत आला आणि पुढं सातारा जिल्ह्यालाही जबर फटका बसला. १८९७ ला साथरोगाचा कायदा आला, त्याचाच आधार घेऊन २०२० ला सुद्धा आपण काम केलं. १८९७ च्याच जानेवारीत हाफकिन ह्या शास्त्रज्ञानं मुंबईत प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली. पण खेड्यापाड्यांत जीव वाचले ते लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहिले म्हणून, कारण उंदीर आणि त्यांच्या पिसवा गावातच राहिल्या. तुमच्या आजोबांनी तेच सांगितलं असणार.

प्रश्न: कुत्रं चावलं विजापुरात, दोन इंजेक्शनं तिथं झाली. आता सलगऱ्याला आलोय. पुढची इथं मिळतील का? एक तारीख दोन दिवस चुकलीय.
(ता. मिरज)

उत्तर: मिळतील, कुठल्याही सरकारी दवाखान्यात, फुकट. आजच जा, उद्या नको. तारीख चुकली म्हणून परत पहिल्यापासून सुरू करत नाहीत, राहिलेली घ्यायची. कातडीत देत असतील तर पहिलं इंजेक्शन घेतलं तो दिवस शून्य धरून मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा असं वेळापत्रक असतं, दंडात खोल देत असतील तर चौदावा दिवस पण येतो, म्हणून तिथली चिठ्ठी दाखवा, नसेल तर विजापूरच्या दवाखान्याला फोन करून कुठल्या प्रकारचं दिलं ते विचारून घ्या. जखमेतनं रक्त आलं होतं का? आलं असेल आणि जखमेत सिरम (लशीशिवाय जखमेतच टोचायचं वेगळं औषध) भरलं नसेल तर ते पहिल्या इंजेक्शनपासून सात दिवसांच्या आतच देता येतं, तेव्हा दिवस मोजा आणि अजून मुदत असेल तर गावातल्या केंद्रावर न थांबता थेट मिरज सिव्हिलला जा.